पहारा, नोंदवही आणि रूममेट

ओळखीच्या लोकांत एकदा "हा कॉम्प्युटरमधला आहे" असं नाव पडलं की काही प्रश्न आयुष्यभर पाठ सोडत नाहीत. प्रिंटर का चालत नाही, फोन का गरम होतो, वायफाय बेडरूममध्ये का येत नाही वगैरे. त्यात अलीकडे एका प्रश्नाची भर पडलीय. तो जरा आवाज खाली करून विचारला जातो. "अरे, फ्लॅटवरचा पीसी आम्ही तिघं वापरतो. मी नसताना रूममेट त्यावर काय करतो हे बघता येईल का? म्हणजे त्याला न कळता?"

येतं. तांत्रिक उत्तर अगदी सोपं आहे आणि पाच मिनिटांत संपतं. म्हणूनच मी ते देत नाही, पुढचा सगळा इतिहास सांगतो. समोरचा दुसऱ्या कपापर्यंत कंटाळतो, पण निदान तो उद्योग करत नाही :) आज तोच इतिहास इथे एकदा नीट लिहून काढतोय, म्हणजे यापुढे नुसती लिंक पाठवली की काम होईल.

मी मूळचा संगमनेरचा. नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. पुणे-नाशिक रस्त्यावर एसटी चहाला थांबते ते गाव, एवढीच बऱ्याच जणांना आमची ओळख असते. प्रवरा आणि म्हाळुंगी यांचा संगम म्हणून संगमनेर. शाहीर अनंत फंदी आमचेच. पण एकाच छपराखाली राहून दुसऱ्यावर नजर ठेवणे, या विषयातही आमच्या तालुक्याचा चांगलाच हात आहे, हे इतिहास वाचायला लागल्यावर कळलं.

सुरुवात आडनावांपासून करू. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, वाकनीस. तुमच्या वर्गात यातलं एखादं तरी आडनाव असणारच. यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. वाकनीस म्हणजे 'वाकेनवीस', घडलेल्या गोष्टी लिहून ठेवणारा. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग लिहिणारा. मराठी माणूस तीनशे-साडेतीनशे वर्षं आपल्या आडनावात लॉगिंग सर्व्हिस घेऊन फिरतोय!

मोगलांनी या कामाची एक मोठी यंत्रणाच उभी केली होती. जदुनाथ सरकारांनी मोगल राज्यकारभारावरच्या पुस्तकात तिचं वर्णन केलंय. बातम्या पुरवणारे चार प्रकारचे लोक असत. पहिला वाकेनवीस. तो सुभ्यात उघडपणे बसे, सुभेदाराला माहीत असे की हा लिहितोय, आणि काय लिहितोय तेही साधारण कळत असे. अर्थात यात गोम अशी की रोज शेजारी बसणाऱ्या सुभेदाराशी त्याचं जमायला लागे, मग वाईट बातम्या कागदावर यायच्या बंद होत. त्यावर तोड म्हणून दुसरा माणूस, सवानेहनिगार. त्याने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या कळवायच्या, म्हणजे पहिल्याचं लिखाण पडताळता येई. तिसरा खुफियानवीस, जो कोण आहे हे स्थानिक अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसे. आणि चौथा हरकारा, जो कागदही पोचवी आणि कानावर आलेलं तोंडीही सांगे. हे सगळं डाक चौकीच्या दारोग्यामार्फत बादशहाकडे जाई.

सिस्टीम डिझाईन म्हणून बघितलं तर एकदम ओळखीचं वाटतं ना? एका लॉगवर भरवसा नाही म्हणून दुसरा लॉग, दोन्हींवर भरवसा नाही म्हणून लपवलेला तिसरा. पण यातून झालं काय, तर औरंगजेबाच्या दप्तरात कागदांचा डोंगर साठला आणि मनातला संशय काही कमी झाला नाही. पाळत वाढवली की खात्री वाढते हे गृहीतक तेव्हाही खोटं ठरलं होतं.

आणि हे सगळं कुठेतरी दूर आग्र्याला चाललं होतं असं नाही. निजामशाही बुडाल्यावर, 1636 नंतर संगमनेरचा मुलूख मोगलांकडेच गेला होता. नोव्हेंबर 1679 मध्ये जालना लुटून परत येताना शिवाजी महाराजांची मोगलांशी गाठ पडली ती याच संगमनेरच्या परिसरात. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. मागे रणमस्तखान आणि लुटीचा मोठा पसारा सोबत, अशा अडचणीतून बहिर्जी नाईकाने आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. अकोल्याच्या अंगाला असलेल्या या किल्ल्याला तेव्हापासून विश्रामगड म्हणतात. बहिर्जी नाईक म्हणजे आपल्याकडे हेरगिरीचा शेवटचा शब्द, आणि या प्रसंगात तो उपयोगी पडला तो वाटा माहीत होत्या म्हणून. त्याची नजर शत्रूवर आणि मुलखावर होती.

मग घरात काय व्यवस्था होती? इथे मला गंमत वाटली. राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांत 'मंत्री' म्हणजे वाकनीस. दत्ताजी त्रिंबक हे ते पद सांभाळत. त्यांचं काम काय, तर राजाच्या रोजच्या व्यवहाराची नोंद ठेवणे, आमंत्रणं, भोजन, भेटीगाठी यांवर लक्ष ठेवणे, दगाफटका होऊ न देणे. म्हणजे घरातली नोंदवही होती, पण ती लिहिली जाई ती राजाचीच, त्याच्या संमतीने, आणि लिहिणारा कोण हे सगळ्या दरबाराला माहीत असे. घरात नोंद ठेवायची असेल तर ती अशी ठेवावी, असं माझं मत हळूहळू इथेच बनायला लागलं. पण पुढे जाऊ, कारण खरा मसाला पेशवाईत आहे.

31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज कायमची घरात घेतली. इंग्रजांचा वकील पुण्यात त्याआधीपासून होता, चार्ल्स मॅलेट 1786 मध्येच आला होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. या वकिलाला शब्द होता 'रेसिडेंट'. मला हा शब्द फार आवडतो. रेसिडेंट म्हणजे राहणारा. शत्रू नाही, पाहुणा नाही, तुमच्याच गावात राहणारा, रोज नमस्कार-चमत्कार करणारा. रूममेटच म्हणा ना!

1811 मध्ये या जागेवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला. हुशार, अभ्यासू, पुस्तकांचा किडा. त्याचं बातम्यांचं जाळं जबरदस्त होतं, शनिवारवाड्यात सकाळी झालेली खलबतं संध्याकाळी संगमावर पोचत अशी त्याची ख्याती. बाजीरावही काही कमी नव्हता, त्याने कंपनीच्याच शिपायांना फोडायचे प्रयत्न केले. म्हणजे दोघं रूममेट एकमेकांच्या मशीनमध्ये लॉगर टाकून बसलेले.

आणि या दोघांच्या मधे होता आमचा तालुकेवाला, त्रिंबकजी डेंगळे. गाव निमगाव जाळी, तालुका संगमनेर. साध्या हुजऱ्यापासून वर चढत बाजीरावाचा सगळ्यात विश्वासू कारभारी झालेला माणूस. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. एल्फिन्स्टनने त्रिंबकजीवर ठपका ठेवला आणि बाजीरावावर दडपण आणून त्याला ताब्यात घेतलं. रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात.

आता नीट वाचा, कारण माझ्या मते भारतातल्या पाळतीच्या इतिहासातला हा सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा आहे. इंग्रजांना भीती अशी की देशी पहारेकरी ठेवले तर ते फितूर होतील. म्हणून पहारा फक्त गोऱ्या सोल्जरांचा. सुरक्षेच्या दृष्टीने एकदम कडक पॉलिसी! पण त्या पहारेकऱ्यांपैकी कुणाला मराठी येत नव्हतं. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला लागलेला मराठा मोतद्दार रोज घोडा फिरवताना खिडकीखाली गाणी म्हणायचा. सोल्जर रोज ऐकायचे. त्यांना वाटायचं घोड्याला गोंजारतोय. त्या गाण्यांत पळून जायची सगळी योजना होती. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री त्रिंबकजी पसार झाला. बिशप हेबर 1824 मध्ये चुनारच्या किल्ल्यात पुन्हा कैदेत असलेल्या त्रिंबकजीला भेटला, आणि ही हकीकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलीय.

पहाऱ्यात कसूर झाली नव्हती. आवाज ऐकू येत होता, माणूस दिसत होता, काही म्हणजे काही लपवलेलं नव्हतं. नव्हती ती फक्त भाषा. डेटा शंभर टक्के, अर्थ शून्य.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्रिंबकजी नाशिक-संगमनेरच्या डोंगराळ भागात, खानदेशात, महादेवाच्या डोंगरात फिरत माणसं जमवत राहिला. बाजीराव म्हणे, मला काही माहीत नाही, आणि एल्फिन्स्टनकडे बातम्या येत होत्या की पैसा आणि निरोप तिकडे चाललेत. 13 जून 1817 चा पुणे तह झाला, त्यात बाजीरावाला आणखी मुलूख सोडावा लागला. दोन्हीकडचा विश्वास पार संपला. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली आणि त्याच दिवशी मराठी फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं त्यात खाक झाली. जून 1818 मध्ये त्रिंबकजी पकडला गेला तोवर पेशवाई संपलेली होती. एकमेकांच्या घरात खबरे पेरून पंधरा वर्षं काढलेल्या दोन शेजाऱ्यांचा हा हिशोब. पाळतीमुळे पेशवाई बुडाली असं मी म्हणत नाही, त्याची कारणं मोठी आहेत. पण इतक्या बातम्या हाताशी असून कुणाचाही प्रश्न सुटला नाही, हे मात्र खरं.

आता आपल्या यंत्राकडे येऊ.

कॉम्प्युटर जन्मला तेव्हा रूममेट ही भानगड नव्हती, एका वेळी एकाचंच काम चाले. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी नोव्हेंबर 1961 मध्ये सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग सिस्टीम दाखवली आणि एका मशीनवर अनेक जण राहायला आले. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. आणि लगेच 1962 मध्ये अॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचे तास पुरेनात म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाईलच प्रिंट करून घेतली. म्हणजे सामायिक कॉम्प्युटर वापरात आला आणि वर्षाच्या आत पहिला चोरटा रूममेटही हजर! त्याने हे कबूल केलं ते कितीतरी वर्षांनी.

युनिक्सने मात्र एक चांगली परंपरा घातली. 'हू' टाइप केलं की आत्ता मशीनवर कोण आहे ते दिसतं, 'लास्ट' टाइप केलं की कोण कधी आलं आणि गेलं ते दिसतं. मूळ रचनेत हे फक्त अॅडमिनला नाही, सगळ्यांनाच दिसे. हा झाला उघड बसलेला वाकेनवीस. या साध्या हिशोबी नोंदीत किती ताकद असते बघा. 1986 मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला वापराच्या हिशोबात 75 सेंटचा फरक दिसला. तो का, म्हणून पठ्ठ्या मागे लागला आणि शेवटी जर्मनीतल्या हॅनोव्हरमधून अमेरिकन लष्करी मशीन धुंडाळून माहिती केजीबीला विकणाऱ्या टोळीपर्यंत पोचला. 'द कुकूज एग' हे त्याचं 1989 चं पुस्तक अजून वाचलं नसेल तर वाचाच.

खुफियानवीसही यंत्रात शिरला होता. 1984 मध्ये अमेरिकेने मॉस्कोच्या वकिलातीतली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मायदेशी नेऊन तपासली. 16 आयबीएम सिलेक्ट्रिक टाइपरायटरांत रशियनांनी बसवलेली उपकरणं सापडली. कळ दाबल्यावर आतले भाग हलतात, त्या हालचालीतून अक्षर ओळखायचं आणि रेडिओने बाहेर पाठवायचं. 1976 पासून हे चालू होतं. आज ज्याला कीलॉगर म्हणतात त्याचा हा आजोबा. लक्षात घ्या, हे शीतयुद्धातल्या दोन महासत्तांमधलं हत्यार होतं. तेच आज आपण शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या माणसासाठी डाउनलोड करायला निघतो.

भारतात सामायिक कॉम्प्युटर म्हणजे बऱ्याच जणांसाठी सायबर कॅफे. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत तालुक्याच्या गावापर्यंत कॅफे पोचले. माझा दहावीचा निकाल मी 2013 मध्ये संगमनेरच्या स्टँडजवळच्या कॅफेतच पाहिला. दाराशी एक फुलस्केप वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. नाव, पत्ता, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. त्या वहीमागेही इतिहास आहे. 2001 मध्ये मुंबई हायकोर्टाने, अल्पवयीन मुलं कॅफेत नको ते बघतात या तक्रारीची दखल घेऊन समिती नेमली. 2002 च्या तिच्या अहवालात येणाऱ्यांची ओळख, नोंदी, मुलांसाठी आडोसा नसलेली जागा अशा सूचना होत्या. पुढे 11 एप्रिल 2011 ला केंद्राने सायबर कॅफेचे नियमच काढले. ओळखपत्र घ्या, नोंदवही आणि वापराचे लॉग वर्षभर जपा, दोन टेबलांमधलं पार्टिशन साडेचार फुटांहून उंच नको.

या नियमांवर तेव्हा टीकाही झाली आणि ती योग्यच होती, कारण कुणी कुठली साइट पाहिली याचा वर्षभराचा लॉग कॅफेवाल्याच्या हातात देणं ही काही छोटी गोष्ट नाही. पण एक मान्य करावं लागेल. वही दारात होती. आत जाणाऱ्याला माहीत होतं की नोंद होतेय. पटत नसेल तर तो परत फिरू शकत होता.

आता एक ताजी गोष्ट. माझा एक गाववाला मित्र, नाव नको. पुण्यात तिघं मिळून फ्लॅटमध्ये राहायचे, गेमिंगसाठी वर्गणी काढून एक दणदणीत पीसी घेतलेला. विंडोजचं एकच अकाउंट, पासवर्ड फ्रीजवर चिकटवलेला. दोन-तीन महिने याच्या खात्यातून थोडे थोडे पैसे जायला लागले. संशय एका रूममेटवर. मला न विचारता (विचारलं असतं तर वरचा इतिहास ऐकावा लागला असता) याने एक फुकटचा कीलॉगर टाकला. आठवड्याभराने लॉग उघडला तर त्या मुलाचे सर्च: गोल्ड लोन किती दिवसांत मिळतं, पगाराआधी पैसे, जुना लॅपटॉप कुठे विकायचा. झालं, चोर सापडला! रात्री सगळ्यांसमोर तमाशा.

त्या मुलाच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी घट्ट मित्रांनाही नाही. ते त्याला त्या रात्री, चोरीच्या आरोपाला उत्तर म्हणून, सगळ्यांसमोर सांगावं लागलं. महिनाअखेरीस त्याने फ्लॅट सोडला. आणि पैसे? याने स्वतःच कधीतरी ट्रायल म्हणून घेतलेल्या एका अॅपचं सबस्क्रिप्शन आपोआप कापलं जात होतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अॅपच्या नावासकट तीनही ओळी होत्या. स्टोलच्या 75 सेंटसारखी उघडी नोंद समोर होती, ती कुणी वाचलीच नाही.

ठाण्याच्या किल्ल्यातले सोल्जर आणि हा माझा मित्र यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनी शब्द न् शब्द टिपला. सोल्जरांना धोक्याचं गाणं निरुपद्रवी वाटलं, आणि याला एका घाबरलेल्या मुलाची धडपड चोरी वाटली. दुसऱ्याच्या आयुष्याची भाषा येत नसेल तर त्याचे कीस्ट्रोक वाचून काय कळणार?

"पण कायद्याने चालतं का?" हा पुढचा प्रश्न. मी वकील नाही, पण थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये शिरणं, त्यातला डेटा काढणं चूक, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर 66क-ख-ग मधलं 'सी' कलम वेगळंच लागतं. वर्गणीच्या पीसीत मालक कोण, हा वाद घालत बसता येईल, पण रूममेटचं मेल किंवा बँक खातं तुमच्या मालकीचं कधीच नसतं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. याउलट 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला लागूच होत नाही, तो उंबऱ्याबाहेर थांबतो. आणि 14 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोतल्या चोरून रेकॉर्ड केलेल्या संभाषणाला पुरावा म्हणून वाट मोकळी केली, पण त्याच वेळी असं निरीक्षण नोंदवलं की जोडीदार एकमेकांवर हेरगिरी करण्यापर्यंत पोचले असतील तर नातं आधीच मोडलंय याचं ते लक्षण आहे. रूममेटनाही हे जसंच्या तसं लागू पडतं असं मला वाटतं.

आणखी एक धोका तांत्रिक आहे. फुकटचा लॉगर फुकट का असतो याचा विचार करा. त्या मशीनवर तुम्हीही टाइप करता. तुमचाही पासवर्ड त्याच फाईलमध्ये जातो, आणि ती फाईल कुठे जाते ते तुम्हाला माहीत नसतं. 2015 मध्ये एमस्पाय या पाळत ठेवायचं अॅप विकणाऱ्या कंपनीचा डेटा फुटला, त्यात पाळत ठेवणारे आणि ज्यांच्यावर ठेवली ते, दोघांचीही माहिती बाहेर आली. 2024 मध्ये तीच कंपनी पुन्हा फुटली. खुफियानवीस कधीच फक्त आपल्या धन्याचा नसतो.

मग करायचं काय? माझी यादी छोटी आहे.

एक, प्रत्येकाला वेगळं युजर अकाउंट आणि वेगळा पासवर्ड. अॅडमिनचा पासवर्ड तिघांनी मिळून ठरवलेल्या एकाकडे. फ्रीजवर वीजबिल चिकटवा. 

दोन, नोंद हवी असेल तर ती वाकनिसासारखी. कोण किती वेळ बसला, किती डेटा गेला एवढंच, आणि ते तिघांनाही दिसेल असं. राउटर हे आकडे देतो. मजकूर कुणी वाचायचा नाही.

तीन, संशय पैशांचा असेल तर आधी आपलं स्टेटमेंट वाचा, आपल्या खात्याचा लॉगिन इतिहास बघा. मेल आणि बँक दोन्हीकडे तो असतो. स्वतःच्या नोंदी तपासायला कुणाची परवानगी लागत नाही.

चार, एवढ्यानंतरही शंका राहिली तर विचारा. चहा टाका आणि सरळ विचारा, "अरे, काही अडचण आहे का?" एल्फिन्स्टन आणि बाजीरावाला हा मार्ग मोकळा नव्हता, त्यांच्यामध्ये राज्य होतं. आपल्यामध्ये फार तर भाडं आणि डिपॉझिट असतं.

त्या मुलाला कुणी आधी असं विचारलं असतं तर कदाचित तिघांनी मिळून काही पैसे उभे केले असते. बाकी दोघंही तशी वाईट पोरं नाहीत हो. पण लॉगमध्ये सगळं कळलंच आहे असं वाटलं की विचारायची गरजच वाटेनाशी होते.

असो. लेख बराच लांबला. निमगाव जाळीला अजून गेला नसाल तर कधी शिर्डी-संगमनेर बाजूला आलात की वाकडी वाट करून जाऊन या. आणि सोमवारी ऑफिसला जायच्या आधी फ्रीजवरचा तो पासवर्ड तेवढा काढून टाका.